पाचूची विहीर

आमच्या सावेडीच्या घरी अजूनही कधीमधी श्रीगोंद्याकडचा एखादा माणूस येतो आणि चपला काढता काढता विचारतो, “पाचूवाले गुर्जी हितंच ऱ्हात्यात का?” बायको आतून हसत म्हणते, “जा, तुमचं रत्न आलं.” मी उठतो, पाहुण्याला बसवतो, चहा सांगतो. पण कान गरम झालेले असतात. चाळीस-पन्नास वर्षं झाली, तरी ते नाव ऐकलं की मला ओशाळल्यासारखं होतं. लोकांना वाटतं, गुरुजी विनयाने लाजतात. विनय वगैरे काही नाही, ती शरमच आहे.

मी नगरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. वर्गाबरोबर आणखी एक काम माझ्याकडे होतं, ते म्हणजे खनिजांची फिरती पेटी. सागवानी पेटी, आत कप्पे, प्रत्येक कप्प्यात कापसावर एकेक दगड. अभ्रक, गारगोटी, गेरू, गंधक, चुनखडी. ती घेऊन एसटीने तालुक्याला जायचं, तिथून मिळेल त्या सायकलीने, बैलगाडीने खेड्यातल्या शाळेत, आणि मुलांना दगड ओळखायला शिकवायचं. पेटी इतकी जड की कंडक्टर तिचं निम्मं तिकीट मागायचे. “आत काय हाय?” “दगड.” मग कंडक्टर माझ्याकडे अशा नजरेने पाहायचा की तिकीट पुरं काढलेलं परवडलं असतं.

दगड ओळखायचे दोन धडे असतात. पहिला डोळ्यांचा. रंग कोणता, आकार कसा, चमक कशी, आरपार दिसतं का. दुसरा हातांचा. दगड फरशीच्या खरबरीत पाठीवर घासून त्याचा कस बघायचा, हातात तोलून जडपणा बघायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोण कुणावर चरा पाडतो ते बघायचं. नखाने चरा पडतो का, तांब्याच्या पैशाने पडतो का, चाकूने पडतो का. डोळे फसतात, हात सहसा फसत नाहीत. हे वाक्य मी प्रत्येक शाळेत म्हणायचो. निदान म्हणायचं असं ठरवलेलं असायचं.

पेटीत रत्न एकही नव्हतं आणि मुलांना हवं असायचं रत्नच. सुरुवातीला मी सोड्याच्या फुटक्या बाटलीचा हिरवा तुकडा दाखवून म्हणायचो, “समजा, हा पाचू आहे.” पारनेरकडच्या एका शाळेत एक पोरगा उठून म्हणाला, “सर, आन् आतली गोटी कुटं गेली?” सगळा वर्ग हसला आणि मीही हसलो. परतल्यावर आमच्या वर्गातल्या एका मुलीचे वडील, पेठेतले सराफ, यांच्याकडे जाऊन गाऱ्हाणं घातलं. त्यांनी तिजोरीतून एक खराखुरा पाचू काढून दिला. तुरीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, पैलू न पाडलेला, आत चिरांचं जाळं. म्हणाले, “सर, याला गिऱ्हाईक नाही. पण आहे अस्सल. आणि ध्यानात ठेवा, पाचू अगदी निर्मळ दिसला की आधी काच समजायची.” तो दाणा मी रुमालाच्या गाठीत बांधून, ती गाठ सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून फिरायचो.

खरा पाचू आल्यावर माझी पत वाढली, पण गिऱ्हाइकंही भलतीच यायला लागली. एका गावी वर्ग संपल्यावर एक म्हातारबाबा नातवाला पुढं घालून आले. पोरगं बोलताना अडखळायचं. ज्योतिषाने सांगितलं होतं, बुध बिघडलाय, पाचू पाहिजे. बाबा म्हणाले, “घालायची आमची ऐपत न्हाई गुर्जी. नुस्ता जिभंला लावा.” मी विज्ञानाचा मास्तर. ग्रहाचा आणि जिभेचा काही संबंध नाही असं सांगायला तोंड उघडलं, तर पोराने आधीच जीभ बाहेर काढलेली. मी त्याला दाणा तळहातावर दिला आणि म्हटलं, “याच्यावर चाकूने चरा पाडून दाखव.” त्याने खूप जोर लावला. मग म्हणाला, “प-प-पडत न्हाई.” “का पडत नाही?” “ह्यो च-चाकूपेक्षा टनक हाय.” बाबा आनंदून मला म्हणाले, “बगा, किती लांब वाक्य बोलला!” ते पाचूचा गुण समजून गेले. मी त्यांना तसंच जाऊ दिलं. तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

आता त्या विहिरीचं. गाव श्रीगोंदा तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. साल बहात्तरच्या दुष्काळाचं. बाया-माणसं खडी फोडायच्या सरकारी कामावर, पोरांना सरकारी सुकडी, घरोघर अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी. दिवाळी झाल्यावर मी पेटी घेऊन तिथे गेलो. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. मी डोळ्यांचा धडा असा रंगवला की ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिलेली मोठी माणसंही हलेनात. पेन्सिली वर धरायला लावल्या. म्हटलं, “तुमच्या पेन्सिलीला जशा सहा बाजू, तशा पाचूच्या स्फटिकाला जमिनीत असतानाच सहा बाजू असतात.” दाणा उन्हात धरला. हिरवा ठिपका मारुतीच्या शेंदरावर पडला तेव्हा पोरांनी ‘ओऽऽ’ केलं. पुढच्या रांगेत मंदा नावाची एक मुलगी होती, सातवीची. बाकीची पोरं पाचूकडे बघत होती, ही माझ्या तोंडाकडे. एकेक शब्द उचलून घेत होती.

डोळ्यांचा धडा संपला, मी चाकू काढला, आणि तेवढ्यात सरपंच आले. सत्कार. आपल्याकडे पाहुण्याचा सत्कार झाल्याशिवाय पाहुणा आला असं धरतच नाहीत. त्या साली झेंडू कुठला मिळायला, म्हणून सुताचा हार आणला होता. नारळ झाला, टोपी झाली, सरपंचांचं भाषण झालं, आणि मग आलं ‘सत्काराला उत्तर’. मी चाकू मिटवून खिशात टाकला आणि बोलायला उभा राहिलो. या मातीच्या पोटात रत्नं आहेत, ती ओळखणारे डोळे पाहिजेत, असं काय काय बोललो. टाळ्या पडल्या. मला ते फार आवडलं, हेही सांगून टाकतो. मग एसटीची वेळ झाली. हातांचा धडा राहून गेला. पुढच्या खेपेला घेऊ, असं मनाशी म्हणत मी हार गळ्यात ठेवूनच गाडीत बसलो.

संक्रांत होऊन गेल्यावर एक दिवस आमच्या नगरच्या शाळेच्या फाटकात एक उंच माणूस उपरण्याचं गाठोडं घेऊन उभा दिसला. “मी मंदाचा बाप, किसन,” म्हणाला. “गुर्जी, एकांत पायजे.” प्रयोगशाळेत त्यांनी गाठोडं सोडलं. आत हिरवे स्फटिक होते. सुंदर, पाणीदार, पोपटी हिरवे, कुणाच्याही तोंडाला पाणी सुटावं असे. पण ते पाचू नव्हते. आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत असे स्फटिक सापडतात. ॲपोफिलाइट म्हणतात त्याला. दिसायला देखणा, पण मऊ. साध्या चाकूने चरा पडतो. आणि त्याला बाजू चार असतात.

“कुठे सापडले?”

“हिरीत. चाळीस फूट गेल्तो. गाळ उचलताना मंदीला एक घावला. म्हनली, दादा, सरांनी दावला तसाच हाय, पाचू हाय. मग बगितलं तर भिताडात ही एवढी पोकळी, समदी हिरवीगार! तवापासनं खाली जायचं थांबवलं आन् आडवं निगालोय.”

पुढचं त्यांनी उत्साहाने सांगितलं आणि मी ते गुन्हेगारासारखं ऐकत राहिलो. घरामागे त्यांची लिंबोणीची बाग होती, नुकती फळावर आलेली. जुनी विहीर आटली म्हणून किसनराव आणि त्यांचे दोन मेव्हणे नवी खणत होते. उन्हाळ्याच्या आत पाणी लागलं तर बाग जगणार होती, नाहीतर सरपण होणार होतं. आणि हे तिघे पाण्याकडे जायचं सोडून हिरव्या दगडांच्या मागे आडवे शिरले होते.

मी त्यांच्याबरोबरच गावी गेलो. विहिरीत उतरून पाहिलं. काळ्या भिंतीत माणूस ओणवा शिरेल एवढं भगदाड पाडलेलं, खाली तळ कोरडाठाक. वर आलो. मेव्हणे, मंदाची आई गयाबाई, पाच-दहा गावकरी, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मंदा आईच्या मागे होती. मी चाकू काढून एका स्फटिकावर ओढला. पांढरा चरा पडला. दुसऱ्यावर ओढला, तिथेही पडला.

“किसनराव, हा पाचू नाही. पाचूवर चाकूचा चरा पडत नाही. याला मोल नाही.”

मग एक मेव्हणा जोरात थुंकला. किसनराव मंदाकडे वळले. “काय गं? सरांनी सांगितलंय म्हनली व्हतीस न्हवं?”

मी मध्ये पडलो. “तिची चूक नाही. मीच त्या दिवशी अर्धा धडा शिकवला. चाकूचं सांगायचं राहिलं. चूक माझी आहे.”

मला वाटलं होतं, आता हे मला चार शब्द सुनावतील. मी तयार होतो. पण किसनरावांनी चक्क हात जोडले. “गुर्जी, तुमी थोर मानूस. पोरीचा दोस आपल्या अंगावर घेताय. मास्तर कुटं चुकतो व्हय? आमच्याच पोरीच्या डोक्यात बटाटं भरल्यात.”

मी पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. जितकं सांगावं तितकं माझं मोठेपण वाढत चाललं. गावकरी माना डोलवायला लागले. एक जण म्हणाला, “असं गुरू ऱ्हायले न्हाईत आता.” तेवढ्यात मंदा बापाला अगदी हळू म्हणाली, “दादा, मी म्हनले हुते, कडा चारच हायेत. तुमी म्हनला, दोन मोडल्या आसतील.” किसनरावांनी हात उगारला. मी तो धरला. “उद्यापासनं शाळा बंद,” ते म्हणाले. “खडीवर जायाचं. लई झालं शिक्शान.”

परतताना गयाबाईंनी माझ्या पिशवीत चार लिंबं घातली. नको म्हणता येईना. घरी ती लिंबं सुकून गेली, पिळायचा धीर झाला नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. बरोबर सराफांचा पाचू, स्पिरिटचा दिवा आणि काचेची परीक्षानळी. एका बाजूने मनात असं की राहिलेला धडा त्याच माणसांसमोर पुरा करावा, प्रयोग मंदाच्याच हातून करवावा, म्हणजे कोण चुकलं ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसेल आणि पोर शाळेत परत जाईल. दुसऱ्या बाजूने बागेची काळजी. मेव्हणे वैतागून साखर कारखान्यावर निघून गेले होते. खणणं बंद पडलं होतं. किसनराव ओट्यावर नुसते बसून होते, आणि मागे लिंबोणीची पानं वळायला लागली होती.

विहिरीच्या काठावर माणसं गोळा केली. मंदा खडीवरून आली होती, हाताला चिंध्या बांधलेल्या. मी तिच्या हातात चाकू दिला. तिने सगळ्यात मोठ्या हिरव्या स्फटिकावर रेघ ओढली. खोल चरा पडला. मग सराफांच्या पाचूवर ओढली. तिथेही एक करडी रेघ दिसली तशी माणसं पुढं सरकली. “बोट फिरव,” मी म्हटलं. तिने बोट फिरवलं, रेघ पुसली गेली. तो चरा नव्हता, चाकूचंच लोखंड दगडावर उतरलं होतं. तिच्या तोंडावर पहिल्या दिवशीचा तो उजेड क्षणभर आला.

मग मी हिरव्या स्फटिकाचा लहानसा तुकडा नळीत टाकून नळी तिच्याकडे दिली. तिने ती दिव्यावर धरली. तुकडा तडतडला, त्याचे पापुद्रे सुटले, तो पांढराफटक पडला. आणि नळीच्या वरच्या, थंड भागात आतून पाण्याचे थेंब जमले. “बघा,” मी म्हणालो, “या दगडाच्या घडणीतच पाणी असतं, तापवलं की सुटतं. पाचूचं असं होत नाही. हा पाचू नाही याचा हा दुसरा पुरावा.”

कुणीच माझं ऐकत नव्हतं. सगळे त्या थेंबांकडे बघत होते. त्या साली कुठेही पाणी दिसलं की माणसं अशीच बघत राहायची.

मी घाईने मुद्द्यावर आलो. “मंदा, आता सगळ्यांना सांग. त्या दिवशी कुणाचं चुकलं होतं?”

तिने वडिलांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाली, “माजं.”

इतका अचूक प्रयोग करणारी विद्यार्थिनी मला पुढे क्वचितच मिळाली. आणि तिच्याकडून मी हे उत्तर काढलं होतं, चार माणसांत, तिच्या चिंध्या बांधलेल्या हातात माझा चाकू देऊन. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

किसनराव मात्र नळी हातात घेऊन उभे होते. “गुर्जी, दगडात पानी हाय. म्हंजी खाली पानी हाय.”

“नाही हो! त्याचा याच्याशी काही संबंध नाही. हे पाणी वेगळं.”

“पानी वायलं आसतंय व्हय? दगडानं सोता दावलं.”

मी जीव तोडून समजावलं. घसा बसला. त्यांनी माझ्या पायांना हात लावला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुरुंगाची भोकं मारायला घेतली. सरळ खाली. मेव्हणे परत आले नाहीत, म्हणून मंदाला खडीवरून काढलं आणि विहिरीवर लावलं. आई आणि ती मिळून मुरमाच्या पाट्या वर ओढायच्या. माझ्या प्रयोगाने तिची शाळा सुरू झाली नाही, नुसतं कामाचं ठिकाण बदललं. मी दोनदा सांगून आलो की पोरीला शाळेत धाडा. दोन्ही वेळा मला चहा मिळाला.

पाडव्याच्या आधी पाणी लागलं. कशामुळे लागलं? दुष्काळातही खोल गेलं तर कुठे कुठे पाणी होतं, तसं तिथे होतं. एवढंच. पण गावाचा निकाल झाला होता. गुर्जींचा पाचू पावला. निम्मी लिंबोणी तोवर वाळून गेली होती. आडवं जाण्यात दिवस घालवले नसते तर तीही वाचली असती. तिच्याबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. चुकीचा दोष मुलीच्या नावावर गेला आणि योगायोगाचं श्रेय माझ्या. मंदा जूनमध्ये शाळेत आली ती पुन्हा सातवीतच, धाकट्या बहिणीच्या शेजारी बसायला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक शाळेत चाकू आधी काढला आणि पाचू नंतर. सत्कार असेल तर आधी धडा, मग नारळ. काही सरपंच रागावले. रागावू दिलं.

मागच्या उन्हाळ्यात मंदाने बोलावलं म्हणून त्या गावी गेलो. आता तीच बाग बघते. नातवंडं झाली आहेत. लिंबं थेट मुंबईला जातात. विहिरीच्या काठावर साती आसरांचे, म्हणजे पाण्याच्या देवतांचे, सात शेंदरी दगड आहेत, आणि त्यांच्या शेजारी किसनरावांनी सिमेंटात बसवलेला तो मोठा हिरवा स्फटिक. किसनराव गेले, पण पूजा चालू आहे. मी सवयीने तिथे जमलेल्या बायांना सांगायला लागलो की बायांनो, हा पाचू नव्हे. त्या हसल्या. त्यांच्या सासवांनीही हे माझ्याकडून ऐकलेलं होतं.

मंदाची सात-आठ वर्षांची नात दगडाजवळ उकिडवी बसली होती. वरचं कुंकू वाऱ्याने, पाण्याने जातं, पण चऱ्यात बसलेलं जात नाही. त्यामुळे हिरव्या दगडावर तेवढी एक लाल रेघ ठळक दिसते. नातीने त्या रेघेवर बोट फिरवलं. पुसली गेली नाही.

“आजी, ही रेघ कुनी वढली?”

“मी,” मंदा म्हणाली.

“का गं?”

मंदा लिंबं निवडत होती. वर न बघताच म्हणाली, “ह्ये सर हायेत ना, ह्ये एक गोष्ट सांगायची इसारले हुते. चूक त्यांची हुती. म्हनून मला वढाया लागली.”

बायांतल्या एकीने तोंडावर पदर घेतला. नातीने माझ्याकडे वळून सरळ विचारलं, “खरं का वो?”

“खरं आहे, बाळा,” मी म्हणालो. माझी मान खाली गेली. मंदाने एक लिंबू पुसून माझ्या हातात दिलं, आणि ते मी त्या दिवशी घरी येऊन पिळलं.